कावीळ उतरली, पण रिपोर्टाचं काय?

पावसात आमच्या सिंधुदुर्गात कावीळ उतरवणाऱ्यांच्या पडवीत गर्दी असते. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ गेली. माझा राग त्यांच्यावर फारसा नाही. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते, श्रेय तेवढं चुन्याला मिळतं. (गरोदर बाईला मात्र थेट दवाखान्यातच न्या.)

घोळ आहे तो बी आणि सीचा. हे विषाणू रक्तावाटे येतात आणि डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतात. पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जाणं, मग यकृताचा कॅन्सर. दारू आणि फॅटी लिव्हरही त्याच वाटेचे. बुरशीच्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विषसुद्धा, तेव्हा काकींनो, सादळलेले कडू दाणे निवडत बसू नका, टाकून द्या.

वाडीतल्या एका दादाला रक्तदान शिबिरानंतर कळलं, हिपॅटायटिस बी आहे. घरच्यांनी काय केलं? त्याचं ताट-पेला वेगळा! एकत्र जेवून हा पसरतच नाही. करायला हवी होती घरच्यांची तपासणी, लस आणि त्याच्या औषधाची चौकशी. डॉक्टरांनी यकृतात गाठ होते का ते पाहायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितलेली, तर म्हणतो, "माका काय्येक दुखणा नाय, मगे सोनोग्राफी कित्याक?" रिपोर्ट कॅलेंडरमागच्या पिशवीत.

अरे, दुखायला लागेपर्यंत कॅन्सरची गाठ बरीच वाढलेली असते! लहान असताना सापडली तर तेवढा भाग कापून काढता येतो, सुई घालून जाळता येते. सिरॉसिस असेल तर यकृत बदलणं हाही मार्ग. यकृत बदलायचं कुणाचं, हे ठरवणारा 1996पासूनचा मिलान निकष म्हणजे एकच गाठ 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी 3 सेंटिमीटरच्या आत. त्यापुढे गेलं तर धमनीतून नळी नेऊन गाठीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. कॅन्सर आणखी पसरला तर 2007पासून त्याला रोखणाऱ्या सोराफेनिबच्या गोळ्या आहेत, आता इम्युनोथेरपीही, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं. पण यातलं काय झेपेल, हे उरलेल्या यकृतात किती दम आहे त्यावर ठरतं. म्हणून 'कॅन्सर म्हणजे संपलंच' म्हणणारे आणि 'मुंबईला नेला की बरा होईल' म्हणणारे, दोघंही मला सारखेच वाटतात.

हिपॅटायटिस सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2018पासून सरकारी कार्यक्रमात बी-सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि जाताना ती कॅलेंडरमागची पिशवी सोबत न्या.