‘शेवटी नर्सच ना’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार दादा,

‘आमच्या घरातली ताराराणी’ या माझ्या आत्यावरच्या लेखाखाली तुम्ही रविवारी रात्री जे लिहिलंत, ते चार दिवस डोक्यातून गेलेलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की आत्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती, म्हणजे ‘शेवटी नर्सच ना, बंदूक कुठं उचलली?’ कोल्हापुरात कावळा नाक्यावर जिचा पुतळा आहे, त्या ताराराणीच्या पंगतीत तिला बसवणं हा इतिहासाचा अपमान. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सही रात्रपाळ्या करतात, त्यांच्यावर कोण लिहितं? लेफ्टनंट जनरल पुनीता अरोरांबद्दलची माझी माहिती चुकीची. आणि लग्न न करणं ही आत्याची मर्जी, त्याचा त्याग म्हणून गवगवा नको.

अरोरांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या नर्सिंगच्या नव्हेत, आर्मी मेडिकल कोअरच्या डॉक्टर. 2004 मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. चूक माझी, ती मी मान्य करते.

आता ‘नर्सच’ मधल्या त्या ‘च’बद्दल. मतभेद असू देत, पण हा ‘च’ मला लागला. आमच्या वाड्यात लहानपणापासून तो ऐकत आले. आत्या सुट्टीवर यायची, काळी लोखंडी पेटी सोप्यात ठेवायची, आणि शेजारची माणसं आजोबांना विचारायची, ‘पोरगी दवाखान्यातच असती न्हवं?’ आजोबा मान खाली घालायचे. तुम्ही शिकलेले आहात, चांगलं मराठी लिहिता. तुमच्याकडून तरी तो ‘च’ यायला नको होता.

बंदूक कुठं उचलली, असं विचारता. आत्या 1982 मध्ये भरती झाली. त्या वेळी बाईला सैन्यात अधिकारी व्हायचं तर दोनच वाटा होत्या, डॉक्टर व्हा नाहीतर नर्स व्हा. बाकीच्या शाखांची दारं 1992 नंतर उघडली, तीही मोजक्या वर्षांच्या नोकरीसाठी. त्या अधिकारी बायकांना कायम नोकरीचा हक्क सगळीकडे मिळावा म्हणून सुप्रीम कोर्टाला फेब्रुवारी 2020 मध्ये निकाल द्यावा लागला. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये गेली. दाराला कुलूप घालायचं आणि चाळीस वर्षांनी विचारायचं, बाई, तू आत का आली नाहीस? ही कुठली रीत?

आणि नर्सिंग सर्व्हिस म्हणजे सैन्याच्या दारात उभं केलेलं कुणी नव्हे. 1943 च्या वटहुकमानं ती सशस्त्र दलांचा भाग झाली. तिथल्या बायका कमिशन घेतलेल्या अधिकारी असतात, खांद्यावर तारे असतात. आत्या लेफ्टनंट म्हणून लागली आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली. तुमचे वडील नायब सुभेदार होते असं तुम्हीच अभिमानानं लिहिलंय. तो अभिमान रास्त आहे. पण मग दर्जा काय असतो हे तुमच्या घरात कुणाला सांगायची गरज पडू नये. आत्या त्यांच्या कितीतरी वर होती.

हे लिहिताना माझा आवाज चढलाय, कळतंय मला. पण खोडत नाही.

ऑक्टोबर 1987 मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्यात आपल्या फौजांची लढाई पेटली, तेव्हा आत्या मद्रासला होती. जखमी विमानानं यायचे, बरेचसे सुरुंगावर पाय पडलेले. एका पहाटे ती एकाचं ड्रेसिंग बदलत होती. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तिचं बोलणं ऐकू गेलं. तो चंदगडकडचा. म्हणाला, ‘सिस्टर, तुम्ही आमच्याकडच्या हाय काय?’ ही हो म्हणाली. मग त्यानं खाटेखाली बघायला सांगितलं. ‘एकच बूट दिसतोय, दुसरा कुठं ठेवला?’ त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. आत्या स्टूल ओढून त्याच्या खाटेशी बसली आणि तिनंच त्याला सांगितलं, मराठीतून. तो रडला नाही. तिचं मनगट धरून ठेवलं त्यानं, सकाळची पाळी बदलेपर्यंत. घड्याळाच्या पट्ट्याचा वळ दोन दिवस राहिला होता, असं ती दाखवते, आजही, डाव्या हाताची आतली बाजू पुढं करून.

बंदूक नव्हती तिच्या हातात, खरं आहे.

लग्नाचं. तुम्ही ‘मर्जी’ हा शब्द वापरलात म्हणून सांगते. 1977 च्या एका लष्करी सूचनेनुसार नर्सिंग सर्व्हिसमधल्या बाईनं लग्न केलं, तर त्या कारणावरून तिची नोकरी संपवता येत होती. पुरुषाला असं काही नाही. ती सूचना 1995 मध्ये मागं घेतली. 1988 मध्ये लग्नामुळे काढून टाकलेल्या एका लेफ्टनंटला सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2024 मध्ये साठ लाख रुपये द्यायला लावले, आणि हा उघड भेदभाव आहे असं म्हटलं. छत्तीस वर्षं गेली होती. आत्याला 1986 मध्ये गडहिंग्लजचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घरदार चांगलं, आजीनं साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. आत्यानं पत्रानं नकार कळवला. तिनं कधी कुणाला दोष दिला नाही, त्याग हा शब्दही तिचा नाही, माझा आहे. 1995 मध्ये ती पस्तिशी ओलांडून गेली होती. ती साडी पुढं माझ्या आईनं नेसली. ह्याला मर्जी म्हणायचं असेल तर म्हणा.

सीपीआरच्या नर्सबद्दल जरूर लिहावं, तुम्ही लिहा, मी वाचेन. मी माझ्या आत्याबद्दल लिहिलं. आणि इतिहासाच्या अपमानाबद्दल म्हणाल तर नवरा गेल्यावर पंचविशीत औरंगजेबाविरुद्ध राज्य सावरणारी ताराराणी एवढ्यानं लहान होत नाही.

आत्यानं तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही. ती राजारामपुरीत राहते, मोबाइलवर फक्त फोटो बघते, आणि मी तिला वाचून दाखवणार नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेलीही नाही, आहे तशीच राहील. अरोरांबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात आज सकाळी केली. शीर्षक बदललेलं नाही, बदलणार नाही.