कापश्यानं साखरेचा हार खाल्ला, दोऱ्यासकट

होळीला आमच्याकडे अमळनेरला काय झालं ते लिहितोय, जरा लांबेल, पण घरी कुत्रं असेल तर वाचाच.

पोरांसाठी हार-कडे आणले होते. पाच हार, पिशवी ओट्यावरच्या खाटेवर टाकली आणि गोवऱ्या रचायला गेलो, फार तर दहा मिनिटं. येऊन बघतो तर हार चारच, आणि आमचा कापश्या (पांढराशुभ्र म्हणून कापश्या, खान्देशात दुसरं काय नाव ठेवणार) खाटेखाली तोंड चाटत बसलेला. फरशीवर गुलाबी चुरा, आणि मधलं मोठं पदक अर्धं चावलेलं, ओलं, त्याला मुंग्यापण लागलेल्या.

मग काय, सगळी गल्ली डॉक्टर. आजी म्हणे, "कुत्राले काय व्हस रे, उकिरडा खाईसन जगस तो." शेजारचे नाना म्हणे, "मीठनं पानी पाज, आते उलटी व्हई जाई." आणि बायकोनं तांब्यात मूठभर मीठ कालवून आणलं सुद्धा! तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांना फोन लागला म्हणून वाचला बिचारा, कारण ते पहिलं वाक्यच ओरडून बोलले, मीठ अजिबात नको. एवढं मीठ रक्तात गेलं तर कुत्र्याला झटके येतात, म्हणजे साखरेनं काही झालं नसतं तर आपल्या औषधानं झालं असतं. दूध नको, तेल नको, घशात बोटं घालणं पण नको.

मग त्यांनी विचारलं, वजन किती, खाल्लं कधी, आणि नुसती साखरच होती ना? वजन १४ किलो, अर्धा तास झाला, हो नुसती साखर. साखर असेल तर घाबरू नका म्हणे, पोटात जास्त साखर गेली की ती आतड्यात पाणी ओढते, जुलाब होतील, उलटी होईल, आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडायला नको, भांडं भरून ठेवा आणि रात्रीचं जेवण हलकं द्या. मी फोन ठेवणार एवढ्यात म्हणाले, अहो पण दोरा?

खरं सांगतो, दोऱ्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. हार करताना लाकडी साच्यात आधी दोरा ताणतात आणि वरून पाक ओततात, लहानपणापासून बघतोय. साखर विरघळते, दोरा तसाच राहतो. त्याचं एक टोक पोटात अडकलं आणि दुसरं पुढं सरकत गेलं तर आतडं नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं गोळा होतं, कापलं पण जातं, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. पुन्हा पुन्हा उलटी, खाणं बंद, शी बंद, पोट दुखून कमान करून उभं राहणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच घेऊन या म्हणाले.

दोन दिवस मी कापश्याच्या मागं डबा घेऊन फिरल्यासारखा फिरलो. पहिल्या रात्री जुलाब झाले, ओटा दोनदा धुतला. तिसऱ्या दिवशी सकाळी बोळात दोरा निघाला, अर्धाच, बाकीचा आत. शालक म्हणे, ओढू का? मी असा ओरडलो की समोरची म्हातारी बाहेर आली. ओढायचा नसतोच, आतडं फाटू शकतं. डॉक्टरांना फोन केला, घेऊन या म्हणाले, आम्ही रिक्षा बघतोय तोवर पठ्ठ्यानं उरलेला स्वतःच काढून टाकला. वीतभर असेल. तरी दाखवून आणलं.

आता माझं मत. आपण साखर किती खाल्ली हेच मोजत बसतो, खरं तर साखरेबरोबर काय गेलं ते बघायला पाहिजे. कागद, काडी, दोरा. माझं किराणा दुकान आहे, त्या दिवसापासून बरण्या उलट्या करून वाचतोय. सगळ्यात डेंजर म्हणजे झायलिटॉल, साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, बिनसाखरेच्या काही च्युइंगममध्ये असतं, आपल्या पाकिटांवर कधी त्याचा नुसता ९६७ आकडा असतो. माणसाला काही नाही, पण कुत्र्याचं शरीर त्याला साखर समजून भसाभस इन्शुलिन सोडतं आणि तासाभरात रक्तातली साखर पडते, कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, पडतं, पुढं लिव्हर पण जाऊ शकतं. किलोमागं ०.१ ग्रॅम पुरतं, आणि काही गोळ्यांत एकीतच १ ग्रॅमपर्यंत असतं. म्हणजे कापश्याला दोन गोळ्या बास. तिथं लक्षणांची वाट बघायची नाही, पाकीट घेऊन पळायचं, आणि कुत्रं गळायला लागलं तर वाटेत हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं. हो, साखरच! बाकी डायबेटिसवाल्यांच्या सगळ्याच बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल नसतं, म्हणून तर वाचायचं.

डार्क चॉकलेट वाईट, मनुका वाईट किडनीला, आणि चिंचगोळी पण देऊ नका, मनुकेतलं टार्टारिक ॲसिड चिंचेत पण भरपूर असतं. पोरं लाडानं चारतात, मी दुकानात आता हटकतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

काल नाना दुकानात आले, हातात टॉफीचा चघळलेला कागद, त्यांच्या टिप्यानं खाल्लेली. "याना मांगे काय लिखेल शे, वाच बरं." चष्मा लावून वाचलं, साखर, ग्लुकोज सिरप, दूध पावडर. म्हटलं नाना, काही नाही, पाणी ठेवा फक्त. आणि कागद सगळा आहे ना, का अर्धा पोटात?