दुप्पट कसं होईल?

चार्ल्सच्या नियमावरचा (तापवलं की वायू किती फुगतो) लेख छान, पण ‘दाब कायम ठेवून वायू २० अंशांवरून ४० अंशांवर नेला की आकारमान दुप्पट’ हे वाक्य तेवढं दुरुस्त करा. आकारमान तापमानाच्या प्रमाणात वाढतं, पण हिशेब केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) धरायचा असतो: २९३ वरून ३१३, म्हणजे वाढ जेमतेम ७ टक्के. दुप्पट व्हायला पारा ३१३ अंश सेल्सिअसवर न्यावा लागेल!

नातवाच्या वाढदिवसाचा उरलेला फुगा मी फ्रीझरमध्ये ठेवून पाहिला. अर्ध्या तासात मऊ पडला, गाठीपाशी सुरकुत्या. ओट्यावर काढून ठेवला, तर थोड्या वेळात पुन्हा टम्म. (रबराच्या ताणामुळे आतला दाब अगदी कायम राहत नाही, पण घरच्या घरी एवढं चालतंय की.)

आणि फ्रेंच शास्त्रज्ञ चार्ल्सने वायूंवर हे प्रयोग केले खरे, पण छापले नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने नियम प्रसिद्ध केला, तोही चार्ल्सचा उल्लेख करून. गे-ल्युसॅकचं नाव लेखात हवं होतं.