एअर धरली!

डिझेल संपून बंद पडलेला छोटा ट्रॅक्टर नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढावी लागते, हे मला माहीत होतं. आबांना नव्हतं. तरी गावात नाव झालं ते आबांचं.

रात्री पाऊस झालेला, छाटणीनंतरची कोवळी फूट, डावणी रोगाची धास्ती. मागे सहाशे लिटरचा फवारणीचा ब्लोअर भरलेला आणि द्राक्षाच्या ओळीत ऐन मधोमध ट्रॅक्टर दोन आचके देऊन गप्प. काटा पाव टाकी दाखवत होता. चढावर डिझेल एका अंगाला सरकतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं, हे त्या काट्याला कोण सांगणार!

पाच लिटर ओतलं, दहाचा पाना घेतला. तोवर आबा बांधावर उकिडवे बसलेही होते.

“एअर धरली काय रं?”

“हो.”

“बैल नाय कधी एअर धरत.”

फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे सैल केला आणि हातपंप मारत बसलो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. खालचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला असेल तर बदलायचा, नाहीतर तिथूनच पुन्हा हवा ओढते. हा बोल्ट तिथे बसवणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी स्वतःचा हात आत घालून बघायला हवा होता. बॉनेटवर एचपी वीतभर अक्षरांत लिहितात. आत पाना पाव फेराही फिरत नाही, ते कुठे लिहीत नाहीत. सोललेली बोटं डिझेलमध्ये बुडाली की काय होतं, तेही नाही.

“ढकलून बघ की,” आबा तंबाखू मळत म्हणाले.

“मागे ब्लोअर आहे, आबा.”

“मग त्यालाबी ढकल.”

डिझेल पंपावरच्या बोल्टाशी तोच उद्योग केला. मग सतराचा पाना घेऊन इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तिन्ही नोझलांचे नट अर्धा फेरा सैल केले, रेस पूर्ण दिली आणि स्टार्टर मारला. दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर बॅटरी बसते आणि स्टार्टर जळतो. नटांतून डिझेल उडायला हवं. सहा वेळा मारला. एक थेंब नाही.

आबा उठले. धोतर झटकलं. ट्रॅक्टरला एक प्रदक्षिणा घातली आणि स्टिअरिंगखाली काठी रोखली.

“हे का बाहेर आलंय?”

इंजिन बंद करायची, स्टॉपची नॉब. आचके बसले तेव्हा घाबरून मीच ओढली होती. ती बाहेर असली की पंप नोझलला डिझेल सोडतच नाही. आबांनी काठीच्या टोकानं ती आत ढकलली. पुढच्याच स्टार्टरला तिन्ही नटांतून चिळकांड्या उडाल्या. नट आवळले, इंजिन धडधडलं. तोवर ऊन चढलं होतं, वारा सुटला होता, फवारणी गेली संध्याकाळवर.

आज सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो. मापं घेणाऱ्या पोरानं माझ्याकडं मान वर करूनही पाहिलं नाही.

“काका, नॉब आत हाय ना?”