‘मोठंच पॅराविंग घ्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि परखड आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी तिचा सारांश देतो. पॅराविंग म्हणजे दोऱ्या आणि बार (हातात धरायची दांडी) असलेलं, पतंगासारखं ओढणारं छोटं कापड. त्याच्या ओढीने वेग आला की बोर्डाखालचा पाण्यातला पंख, म्हणजे फॉइल, बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो. डाउनविंडसाठी, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने लाटांवरून जायला, ‘फॉइलवर उठता येईल एवढंच, शक्य तितकं लहान पॅराविंग घ्या’ हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला घातक वाटतो. तुमचं वजन ८८ किलो, बोर्ड ७५ लिटरचा, पॅराविंग ४ चौरस मीटरचं. वारा १६ ते १८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) असूनही बोर्ड पाण्यातून वर आला नाही, म्हणून ५ चौरस मीटरच घ्यायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं. शिवाय लाटेवर असताना ते गुंडाळून आवरताना दोऱ्यांचा गुंता होतो, त्यामुळे ते शेवटपर्यंत हातातच राहतं. मग साधं फुगवायचं विंग, म्हणजे दोऱ्यांशिवाय थेट हातात धरायचा हवा भरलेला पंख, काय वाईट? आणि पहिल्या महिन्यात वाऱ्याकडे छान चढणारं पॅराविंग आता मागे पडतं, म्हणजे कापडच हलक्या दर्जाचं.

उठता आलं नाही हे खरं, पण त्याचं खापर पॅराविंगवर फोडता येत नाही. तुमचं वजन, बोर्ड, फॉइल आणि ओले कपडे मिळून १०० किलोच्या आसपास भार होतो, आणि तो तोलायला ७५ लिटर. उभं राहिलात की बोर्ड पाण्याखाली. बुडालेला बोर्ड आधी वर काढायचा, मग त्याला फॉइल उचलेल एवढा, म्हणजे साधारण ७-८ नॉटचा वेग द्यायचा. ही दोन्ही कामं तुम्ही ४ चौरस मीटर कापडाकडून मागताय. तेच कापड १०५ लिटरच्या, सात फुटांच्या आसपास लांब आणि १९-२० इंच रुंद डाउनविंड बोर्डावर वापरलं तर बोर्ड तरंगतो, कमी वेगातही सरकतो आणि ओढीचा बराचसा भाग थेट वेगात जातो. फॉइलचंही तेच. पुढचा पंख ७०० चौरस सेंटीमीटरचा असेल तर शिकण्याच्या काळात ९००-१००० चा लावा. खरेदीचा क्रम बोर्ड, फॉइल आणि शेवटी पॅराविंग असा हवा. लोक नेमका उलटा लावतात, कारण पॅराविंग नवं आणि आकर्षक असतं.

आता ५ चौरस मीटरचा हिशेब. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १६ चा १८ नॉट झाला की ओढ सुमारे २७ टक्के वाढते. ४ ऐवजी ५ चौरस मीटर घेतलं तर २५ टक्के. म्हणजे दोन नॉटचा झोत तुम्हाला एक अख्खा साइज फुकट देतो. झोताची वाट बघणं जमलं तर मोठं कापड लागत नाही. उलट, किनाऱ्याच्या आडोशाला १७ नॉट आणि बाहेर खुल्या पाण्यावर २५ नॉट असं सर्रास असतं. तिथे त्याच कापडाची ओढ दुपटीहून जास्त होते. पॅराविंगचा बार मागच्या हाताने ढिला सोडून ओढ कमी करता येते, पण फुगवायच्या विंगसारखी ती शून्यावर येत नाही. कापड फडफडत, दोऱ्यांना झटके देत राहतं. अशा वेळी ५ चौरस मीटर आवरायला गेलात तर तुमच्या दुसऱ्या तक्रारीतला गुंता हमखास होणार. किनाऱ्यावरचा वारा मोजून साइज ठरवू नका, मधल्या टप्प्यातला धरा. एक सूट मात्र देतो: दिवसभर वारा १५ नॉटच्या आत राहणार असेल तर तुमच्या वजनाला ५ चौरस मीटर योग्यच आहे.

उठण्याच्या तंत्राबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय, ‘मागचा हात जोरात ओढूनही ओढ येत नव्हती.’ जोरात ओढलात म्हणूनच आली नाही. मागची कड जास्त आत आली की हवा कापडाला चिकटून वाहत नाही, कापड अडखळतं आणि मागे कोसळतं. बार इतका सोडा की पुढची कड किंचित थरथरेल, मग बोटभर आत घ्या. बोर्ड वाऱ्याला आडवा, किंवा थोडा वाऱ्याबरोबर. झोत आणि मागून येणारी लाट एकत्र आली की कापड वरून खाली एकदा झुलवा. त्या हालचालीत त्याला जास्त वारा मिळतो. पंपिंग, म्हणजे बोर्ड उचलायला लयीत दाब देणं, पायांनी करा. विंगसारखे हातांनी हिसके दिलेत तर पुढची कड दुमडते.

आता आवरणं. पॅराविंगचं सगळं कौतुक इथेच आहे. हवाईतल्या माऊई बेटावर बीआरएम (बोर्डरायडिंग माऊई) या कंपनीने २०२४ मध्ये ‘मालिको’ हे पॅराविंग बाजारात आणलं ते लाटांवर दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. जे आवरता येत नाही ते डाउनविंडसाठी मोठं आहे, मग कंपनीच्या साइजच्या तक्त्यात काहीही छापलेलं असो.

तुमच्या वर्णनावरून चूक सुरुवातीलाच होतेय. तुम्ही बोर्ड थेट वाऱ्याबरोबर वळवून मग दोऱ्या धरता. वारा १८ नॉट आणि तुमचा वेग १३ नॉट असेल तर कापडाला उरतो फक्त ५ नॉट. ते लुळं पडतं, दोऱ्या सैल होतात, आणि सैल दोरी म्हणजे गुंता. म्हणून लाटेवर वेग पक्का झाला की वाऱ्याबरोबर जरासंच, वीस-तीस अंश, वळा. ओढ हलकी होते, पण दोऱ्या ताठ राहतात. बार मागच्या हातात, पुढचा हात बारच्या वर सरकवून सगळ्या दोऱ्या एका मुठीत. एकेक वीत वर सरकत जा आणि येणाऱ्या दोऱ्यांचे वेढे बारच्याच हातात साठवा. मूठ कापडापर्यंत पोचली की कापड दोऱ्यांच्या बाजूने छातीशी गोळा करा, पुढची कड शेवटी. कंबरेच्या पट्ट्याच्या पिशवीत आधी कापड, त्यावर दोऱ्या, तोंडाशी बार. बारचं रंगीत टोक दर वेळी त्याच बाजूला ठेवा. ते उलटलं की पुढच्या वेळी बार फिरलेला हाती येतो आणि डाव्या-उजव्या दोऱ्यांना पीळ बसतो. घाईत टोकाकडून कोंबणं हे गुंत्याचं दुसरं मोठं कारण. हे पाण्यावर शिकू नका. १०-१२ नॉटच्या वाऱ्यात मैदानावर उभं राहून आवरा, कोंबा, पुन्हा फेका, आणि न बघता पंधरा-वीस सेकंदांत जमेपर्यंत तेच करत राहा.

पुन्हा उघडायचं ते फॉइलवर असतानाच. लाटेचा जोर संपतोय असं पायाला कळलं, की वेग शिल्लक असताना वाऱ्याला आडवे वळा, बार घट्ट धरा आणि कापड वारा जातो त्या बाजूला फेका. बोर्ड पाण्यावर टेकल्यावर उघडायला गेलात तर काम दुप्पट. तसं झालंच तर गुडघ्यावर बसा, दोऱ्या बोर्डखाली किंवा फॉइलभोवती गेलेल्या नाहीत हे आधी तपासा, पुढची कड धरून कापडातलं पाणी एकदा झटका आणि मगच सोडा. कंबरेच्या लीशला (बांधून ठेवणाऱ्या दोरीला) झटकन सुटणारी कडी हवी, शिवाय हाताशी दोरी कापायचा आकडी चाकू. बारीक दोरी आणि फॉइलची धार एकत्र आली तर भांडण तुमच्या पायाशीच होतं.

फुगवायच्या विंगबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. ते तरंगतं, फॉइल बिघडलं तर त्याला धरून किनारा गाठता येतो, हातांच्या पंपिंगला साथ देतं आणि शिकायला सोपं आहे. पण लाटांवर ते हातात फडफडत राहतं आणि वळताना एक हात अडकवतं. पॅराविंग हातातच ठेवून सगळं अंतर कापायचं असेल तर खुशाल विंग घ्या, ते जास्त सुरक्षित आहे.

राहिलं मागे पडणारं कापड. ओलंच पिशवीत कोंबून महिनाभर ठेवलं नसेल, तर एवढ्यात कापड जात नाही. बदलतात त्या दोऱ्या. पुढच्या दोऱ्यांवर सगळा भार असतो, त्या किंचित ताणल्या जातात. मागच्यांवर भार कमी, त्या मिठाने आणि वाळूने आखडतात. एवढ्या लहान कापडाला दोन सेंटीमीटरचा फरकही जाणवतो: मागची कड कायम थोडी ओढलेली राहते, म्हणून ते मागे पडतं. खात्री करायची तर कापड हवेत असताना बार हातातच ठेवून मागचा हात पूर्ण ढिला सोडा. कापड मोकळं फडफडायला हवं. तरीही मागे झुकत असेल तर मागच्या दोऱ्या आखूड झाल्यात. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि मागच्या दोऱ्या खुंटीला अडकवून मिनिटभर ताण द्या. मग डावी-उजवी जोडी शेजारी धरून लांबी ताडून पाहा. फरक उरलाच आणि बारजवळ जोडणीच्या गाठी असतील, तर दोन्ही बाजूंना एकेकच गाठ सैल करून कापड उडवून पाहा. वारा पडल्यावर पुढची कड दुमडायला लागली तर एक गाठ जास्त सुटली, ती परत घ्या.