हुमल्यांना नुसतं 'लाल मुंगी' म्हणू नका हो

परवा गावच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला, आंब्याची पाच-सहा पानं एकमेकांना चिकटवून केलेलं घर, आणि खाली प्रश्न की या लाल मुंग्यांवर कुठली पावडर मारायची. अर्ध्या तासात चार पावडरींची नावं आली. एकानेही लिहिलं नाही की अरे हे हुमले आहेत, पानं शिवून घर करणाऱ्या मुंग्या, त्यांना राहू दे. मग म्हटलं आपणच लिहू.

हुमले म्हणा, ओंबील म्हणा, घळ, म्हणजे आंबे काढायची काठी, घेऊन कलमावर चढलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. शर्टाच्या आत शिरले की माणूस फांदीवरच नाचतो. यांना नांगी नसते, जबड्याने चावतात आणि वर त्या जखमेवर फॉर्मिक ॲसिड सोडतात, म्हणून ती आग. घरातल्या साखरेच्या डब्यातली लाल मुंगी वेगळी आणि हे वेगळे. यांच्या अख्ख्या कुळाचं, म्हणजे शास्त्राच्या भाषेत 'जीनस'चं, नाव इकोफिला. १७७५ साली फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने आपल्याकडच्या मुंगीला 'स्मॅरॅग्डिना' नाव दिलं, म्हणजे पाचूसारखी. आता तांबडी मुंगी पाचूसारखी कशी? तर राणी हिरवट असते! इकोफिला हे वेगळं कूळ मात्र १८६० मध्ये फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने केलं.

गंमत अशी की आज या कुळात सर्वमान्य अशा जिवंत जाती फक्त दोन. एक लाँगिनोडा, ती सहाराच्या खालच्या आफ्रिकेत. दुसरी आपली, भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीन, थायलंड, इंडोनेशिया करत पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. दोघींच्या मध्ये अरबस्तानाचा कोरडा पट्टा, कारण यांना लागतात बारमाही हिरवी झाडं आणि ऊब. आणि जीवाश्म कुठे सापडतात माहितीये? युरोपात! बाल्टिकच्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या डिंकात, जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत. चारेक कोटी वर्षांपूर्वी तिकडे हवा उबदार होती तेव्हा तिथे या कुळाच्या कितीतरी जाती होत्या, थंडी वाढली आणि सगळ्या गेल्या. म्हणजे आपल्या कलमावर बसलेत ते एका मोठ्या गोतावळ्यातले उरलेसुरले वारस.

आता माझं खरं म्हणणं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये याच जातीच्या मुंगीचं पोट चक्क हिरवं असतं, लोक तिला ग्रीन अँट म्हणतात. आपली तांबूस-नारिंगी. नाव दोघींचं एकच. २००६ च्या आसपास जपानी संशोधकांनी डीएनए तपासला तर या एका जातीत सात वेगळे गट निघाले, भारताचा वेगळा, फिलिपिन्सचा वेगळा, न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाचा वेगळा. जावा-बोर्निओच्या मुंग्या मात्र मलायाच्या मुंग्यांच्या जवळच्या, कारण हिमयुगात समुद्र खाली गेला होता आणि ती बेटं जमिनीनेच जोडलेली होती, तर त्याच्या पुढची खोल समुद्रातली बेटं कधी जोडलीच नाहीत. इतकं सगळं असून रत्नागिरी ते क्वीन्सलंड एकच नाव हे मला तरी पटत नाही. नुसत्या रंगावरून जात पाडू नये हे मान्य, पूर्वी तसं करून नावांचा ढीग झालाच होता, पण आता रंगाच्या पलीकडचा पुरावा आहे ना. माझ्या मते भारतातल्या हुमल्यांकडे वेगळं बघायला हवं, आणि ते काम इथल्याच माणसांनी करावं, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे नमुने घेऊन.

आणि हो, पावडरवाल्यांसाठी. चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांत या मुंग्यांची घरटी पिशवीत भरून विकायचे, किडे खाण्यासाठी, आणि ही नोंद चौथ्या शतकातली मानतात. ओडिशात सिमिलीपालच्या काई चटणीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, ती काई म्हणजे हेच हुमले! बाकी घर शिवायचं रेशीम काढतात ती बाळं, मोठ्या मुंग्या अळीला तोंडात धरून मागावरच्या शटलसारखी पानांच्या कडांवर फिरवतात, त्यात तिचं रेशीम संपतं आणि तिला स्वतःला कोष करता येत नाही.

एक कबूल करतो, हुमले झाडाचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांना सांभाळतात, त्यांचा गोड रस पितात, म्हणून काही बागायतदार वैतागतात ते उगाच नाही. त्या ग्रुपवरच्या काकांना मी एवढंच लिहिलं की काढणीच्या दिवशी तेवढी फांदी सोडा, नाहीतर पहाटे गारव्यात काढा, तेव्हा ते सुस्त असतात. काकांनी अंगठा दिलाय. पावडर आणली की नाही ते अजून कळलं नाही.