एका रेघेचे किती?

एका तिरक्या रेघेपायी माझे हजार रुपये कापले गेले. परवाचीच गोष्ट आहे, अजून पोटात जळतंय.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक अडत पेढी आहे. त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आतल्या सर्व्हरवर 3000 नंबरच्या पोर्टवर चालतं. मालकांना ते घरी बसून मोबाईलवर बघायचं होतं. म्हणजे त्याच मशीनवर पुढे एंजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर प्रोग्रॅम बसवायचा. बाहेरची मागणी त्याने घ्यायची, आत पोचवायची, उत्तर परत आणून द्यायचं. रिव्हर्स प्रॉक्सी. अडीच हजार ठरले आणि 'अर्ध्या तासाचं काम' असं मीच बोलून गेलो. तोंडाला कुलूप पाहिजे माणसाच्या.

कॉन्फिग, म्हणजे त्याच्या सूचनांची फाइल, लिहिली. तपासून बघितली, तर एंजिनएक्स म्हणतो सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल. ब्राउझर उघडला, तर 502 बॅड गेटवे.

शेजारच्या गादीवर दिवाणजी होते. सत्तरीचे, कानावर बॉलपेन, मांडीवर भडंगाचा कागद. हळदीच्या धुळीने कीबोर्ड आधीच पिवळा झालेला, त्यात त्यांच्या बोटांचं तेल.

"काय आलं ओ?"

"आतला प्रोग्रॅम उत्तर देत नाहीये."

"देतोय की! ह्ये बगा, माज्या मशीनवर चालू हाय."

चालू होता, हेच तर दुखणं. मी सर्व्हरवरूनच आतला पत्ता मागवून बघितला, तिथेही पान सुरेख येत होतं. फक्त एंजिनएक्सने विचारलं की नन्ना.

"मग ह्यो मधला कोण?"

"प्रॉक्सी. बाहेरचा याच्याशी बोलतो, हा आतल्याशी बोलतो."

"म्हंजे अडत्या."

"...तसंच काहीसं."

"अडत किती घेतो?"

"काही नाही. फुकट आहे."

दिवाणजींनी भडंगाचा बकाणा भरला, चावला, गिळला. "फुकट हाय व्हय? तरीच काम करंना."

मला राग आला. एका रशियन माणसाने, इगोर सिसोएव्हने, हे लिहून 2004 साली सगळ्यांना खुलं केलं, जगातल्या मोठमोठ्या साइट याच्या जिवावर उभ्या आहेत, असं भाषण मी ठोकलं. "आसतील," ते म्हणाले, "पर हितं उभा ऱ्हाईना त्याचं काय?"

एव्हाना दोन हमाल आणि चहावाला पोरगाही मागे येऊन उभे होते. डॉक्टर पोट तपासत असताना खोलीत कोण उभं राहत नाही, पण कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडायला सगळ्यांना परवानगी असते. मी तीनदा सर्व्हिस रीस्टार्ट केली. त्याने काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, पण बघणाऱ्यांना काहीतरी दाखवायला लागतं.

मग दिवाणजींनी पेवाची गोष्ट काढली. हरिपूरला जमिनीखालच्या पेवात हळद साठवायचे. 2005 च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. "पेव उघडलं की कोन लगीच उडी मारतंय का? आत हवा नसती. आदी कंदील सोडायचा. इझला की समजायचं. तुमी कंदील सोडला का?"

मी सोडला नव्हता. एरर लॉग, म्हणजे एंजिनएक्सची चुकांची वही, उघडलाच नव्हता, पाऊण तासात. उघडला. शेवटच्या ओळीत कनेक्ट फेल्ड, 13, परमिशन डिनाइड. आतला प्रोग्रॅम बंद असता तर 111, कनेक्शन रिफ्यूज्ड आलं असतं. 13 म्हणजे दार उघडं आहे, पण पहारेकऱ्याने मधल्याची कॉलर धरलीय. तो पहारेकरी एसईलिनक्स, सर्व्हरच्या लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था. वेब सर्व्हरने नेटवर्कवर दुसऱ्याशी बोलू नये असा त्याचा मूळचा हुकूम असतो. एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट नावाची कळ चालू केली की सोडतो. केली. 502 गेला.

आणि 404 आला, म्हणजे पान सापडत नाही. हमाल हसले.

हे मात्र मला लगेच दिसलं. बाहेरचा पत्ता 'हिशेब' या नावाने सुरू होत होता, आणि प्रॉक्सी पासच्या ओळीत 3000 नंतर तिरकी रेघ नव्हती. रेघ नसली की एंजिनएक्स अख्खा पत्ता जसाच्या तसा आत ढकलतो, आणि आतल्या प्रोग्रॅमला 'हिशेब' नावाचं काही माहीतच नसतं. रेघ दिली की तेवढा तुकडा गळून पडतो. रेघ दिली, रीलोड केलं. मालकांच्या मोबाईलवर खातं उघडलं.

मालकांनी बिलाकडे आणि मग दिवाणजींकडे बघितलं.

"काय बिघडलं होतं?"

दिवाणजींनी कानावरचं पेन काढून हवेत एक तिरकी रेघ ओढली. "येवढी ऱ्हायली हुती. कंदील मी सांगिटला."

दीड हजार मिळाले. वर भडंगाचा पुडा. घरी येईपर्यंत मी मनात बरीच उत्तरं दिली. वकिलाच्या सहीचे पैसे शाईच्या थेंबावर मोजता का, वगैरे. तिथे एकही सुचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लॉग आधी बघितला असता तर अर्ध्या तासातच झालं असतं, हे जास्त झोंबतंय.

आज सकाळी फोन. पावतीचा फोटो चढत नाही, 413 येतंय. एंजिनएक्स मुळात 1 एमबीच्या वरचं काही आत घेत नाही आणि मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा. मर्यादा वाढवायची एक ओळ लिहायची, बस.

"येताय का," दिवाणजी विचारत होते, "का आमीच सोडू कंदील?"

येतो म्हटलं. ओळ रेघेपेक्षा लांब आहे, एवढं मालकांना आधीच सांगणार आहे.